93 वर्षांच्या भगिनीचं जीवनवृत्त : नोंदी कुठे शोधायच्या, काय मोजायचं, काय छापायचं

नगर_नेवासे

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्क भगिनी नुकत्याच प्रभूमध्ये निजल्या. वय 93. पुढच्या महिन्यात स्मरण उपासना आहे. तिथे वाचायचं 7 मिनिटांचं जीवनवृत्त आणि 16 पानी स्मरणिका अशी दोन कामं पंच कमिटीने माझ्याकडे दिली आहेत.

घरून आलेला मजकूर असा आहे : "मनमिळाऊ, प्रेमळ, प्रार्थनाशील, सेवाभावी, सर्वांच्या मदतीला धावून जाणाऱ्या." नाव बदललं की हाच मजकूर कुणालाही चालेल. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची शाळा), भगिनी मंडळ, प्रभुभोजनाची (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) तयारी, सरकारी दवाखान्यात बाळंतविडे पोचवणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पण मंडळीच्या जुन्या अहवालांत पाळक, पंच आणि खजिनदार यांचीच नावं आहेत, आणि शेवटी ओळ : "भगिनींनी सहकार्य केले." त्यांचं नाव एकदाही नाही.

शिवाय जन्मतारखा दोन निघाल्या. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, आणि घरचे म्हणतात नाताळच्या सुमाराला. सुरुवात कुठून करावी?

दप्तरदार

1 जून आधी बाजूला ठेवा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वयाच्या अंदाजाने साल धरून 1 जून लिहायचे. त्या पिढीत 1 जूनला जन्मलेली माणसं म्हणूनच इतकी सापडतात. सालही त्यामुळे एक-दोन वर्षांनी मागेपुढे असू शकतं.

बाप्तिस्म्याची नोंदवही काढा. जन्मतारखेचा आणि बाप्तिस्म्याच्या तारखेचा रकाना वेगवेगळा असतो. उतरवून घेणारे घाईत दुसरीच तारीख घेतात, चूक तिथे होते. खेडेगावच्या मंडळ्यांत दीक्षित पाळक फेरीवर आले की चार-सहा महिन्यांतल्या सगळ्या बाळांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी व्हायचे, त्यामुळे दोन तारखांत बरंच अंतर पडतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांच्या बाबतीत ही वहीच पुष्कळदा सर्वांत भरवशाची असते.

शोधायचं ते माहेरच्या नावाने, आणि वडिलांच्या नावावरून. हे ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मे लोक इथेच अडकतात. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. 1868 चा जन्म, नाव मनकर्णिका गोखले. लग्न 1880 मध्ये, बाप्तिस्मा 1900 मध्ये. लग्नाआधीच्या कुठल्याही कागदात "लक्ष्मीबाई टिळक" शोधून हाती काही लागणार नाही. पंडिता रमाबाई जन्माने डोंगरे, लग्नानंतर मेधावी, आणि 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तेव्हा नाव पडलं मेरी रमा. एकाच बाईची तीन-तीन नावं. तुमच्या भगिनींच्या नावाची सगळी रूपं आधी एका कागदावर लिहा : माहेरचं, सासरचं, बाप्तिस्म्याचं, हाक मारायचं, आणि "सौ." लावून नवऱ्याच्या नावाने लिहिलेलं. मगच वह्या उघडा.

लग्नाची नोंद 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे झालेली असेल. वय, राहण्याचं ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावं आणि किमान दोन साक्षीदार एवढं मिळतंच. साक्षीदारांचे रकाने सोडू नका. इतरांच्या लग्नांत साक्षीदार म्हणून त्यांची सही असेल, तर त्या साली त्या गावात होत्या आणि लोकांना आपल्या वाटत होत्या, दोन्ही कळतं.

नगर_नेवासे

दप्तरदार, नावांचा कागद केला. सहा रूपं निघाली. पण सेवेचं काय? इतिवृत्तांत खरंच काही नाही.

दप्तरदार

इतिवृत्त बंद करा आणि हिशेब उघडा.

इतिवृत्तात निर्णय असतात. काम कुणी केलं ते पैशाच्या कागदात असतं. खजिनदाराच्या खर्चाच्या पावत्या, बहुतेक वेळा तारेत ओवून ठेवलेल्या, एकेक करून पाहा. "मनुका 1 किलो", "साखर", "मेणबत्त्या", "मांजरपाट 5 मीटर", आणि खाली "पैसे मिळाले" म्हणून ज्या बाईची सही किंवा अंगठा आहे, ती ते काम करत होती. दहा वर्षांच्या पावत्या पाहिल्या की कोणतं काम कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कुणाकडे होतं त्याचा आराखडा दिसायला लागतो. मात्र पावती नाही म्हणजे काम नाही असं धरू नका. कित्येक बायका पदरचे पैसे घालायच्या आणि मागायच्या नाहीत. मनुकांची पावती मधली चार वर्षं सलग दिसत नसेल आणि त्या वर्षांत प्रभुभोजन मात्र नियमित झालं असेल, तर खर्च कुणी केला हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा.

दुसरं, शब्बाथ शाळेचे हजेरीपट. वर्गशिक्षिकेची सही प्रत्येक रविवारी असते. तिसरं, वर्गणीची वही. तिथे बाईचं दान बहुधा नवऱ्याच्या नावाखाली जातं. नवऱ्याच्या निधनानंतर त्याच घराच्या ओळीत तिचं नाव येतं, आणि रक्कम तीच राहते की घटते की वाढते, हेही दिसतं.

मंडळीचं नावही सालाप्रमाणे लिहा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन झालं. तुमच्या भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्याआधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या. म्हणजे 1951 चं लग्न "सीएनआय मंडळीत" झालं असं लिहिलं तर ते चूकच.

वसई_पापडी

कॅथलिक बाजूचं थोडं. एखाद्या भगिनीचं माहेर किंवा सासर आमच्याकडचं असेल तर उपयोग होईल.

आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे झालेल्या लग्नाचीही नोंद केली जाते, लग्न दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) झालं असलं तरी. लग्न लावलेल्या ठिकाणाहून तसं कळवलं जातं. त्यामुळे लग्न होऊन लांब गेलेली मुलगी तिच्या जन्मगावच्या वहीत सापडते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये, नावंही लॅटिन वळणाची : घरची जुवाना वहीत योआना असते. वसई धर्मप्रांत 1998 चा आहे. त्याआधीचा धर्मप्रांताच्या पातळीवरचा पत्रव्यवहार मुंबईकडे.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता-धर्ममातेची नावं असतात. वही वर्षावार चाळून ती बाई किती लेकरांची धर्ममाता झाली ते मोजता येतं. हा आकडा स्मरणिकेत घालण्यासारखा आहे, कारण त्यामागे दरवेळी एका कुटुंबाने तिच्यावर टाकलेला विश्वास आहे.

ती लीजन ऑफ मेरीत (कॅथलिक सेवाभावी संघटनेत) असेल तर दर आठवड्याच्या सभेचा वृत्तांत आणि हजेरी लिहिलेली असते. काम जोडीने दिलं जातं, त्यामुळे जोडीदारीण हयात असेल तर पहिली भेट तिची घ्या. आजाऱ्यांच्या भेटी वगैरे तपशील मात्र खाजगी असतो, घरांची नावं छापायची नाहीत.

सुईदोरा

बाळंतविड्यांबद्दल लिहिते, कारण त्याची किंमत न शिवलेल्या माणसाला कळत नाही. "बाळंतविडे वाटत असत" या तीन शब्दांत किती काम आहे ते पाहा.

एका संचात साधारण सहा लंगोट, दोन झबली, एक टोपडं, एक दुहेरी दुपटं. कापड जुन्या सुती लुगड्याचं, कारण नव्या कापडात खळ असते आणि ती तान्ह्या कातडीला टोचते. नवीन मलमल घेतलीच तर रात्रभर भिजवून दोनदा धुवावी लागते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. कमरेजवळचा आणि काष्ट्याचा भाग विरलेला असतो, तो लंगोटालाही टिकत नाही, टाकून द्यायचा. उरलेल्यातून तीन दुहेरी दुपटी आणि तीन-चार झबली निघतात. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, आतून टाक्याचा कंगोरा बाळाच्या काखेला घासू नये म्हणून. बटण नाही, मागे नाडी. नाडी वीतभरापेक्षा लांब नको, मानेभोवती गुंडाळली जाते. हाताने शिवलं तर एका झबल्याला तासभर जातो.

म्हणून मंडळाच्या बायकांना असं विचारा : महिन्याला किती संच व्हायचे, जुनी लुगडी कुठून यायची, कापायचं कुणी, शिवायचं कुणी, दवाखान्यात न्यायचं कुणी. तिघींची उत्तरं जुळली तर लिहा "महिन्याला दहाच्या आसपास". त्याला बाराने आणि मग 30 वर्षांनी गुणून "3,600 बाळंतविडे" असं छापू नका. कधी घरचं आजारपण असतं, कधी लुगडीच मिळत नाहीत. फुगवलेला आकडा ऐकून जिने स्वतः शिवलं आहे ती बाई खाली मान घालते.

नगर_नेवासे

सुईदोरा ताई, मनापासून आभार. घरात त्यांच्या पेटीत एक अर्धवट झबलं सापडलं आहे, सुई तशीच टोचलेली. शिवण खरोखर बाहेरून आहे.

सुईदोरा

सुई आजच काढा. गंज कापडात उतरला की डाग जात नाही. झबलं धुऊ नका, इस्त्री करू नका. दिवसा खिडकीच्या उजेडात फोटो घ्या, फ्लॅश नको, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. स्मरणिकेत पूर्ण पान द्या.

कल्हई

प्रभुभोजनाच्या तयारीबद्दल. मनुकांचा रस घरी करायची पद्धत कितीतरी मंडळ्यांत आहे, आणि ते काम सरसकट एकाच बाईकडे वर्षानुवर्षं राहतं.

हिशेब असा. एका छोट्या पेल्यात 10 ते 12 मिलि. 150 जण असतील तर दीड ते 1.8 लिटर, वर थोडा जास्तीचा, म्हणजे दोन लिटर. त्यासाठी पाऊण किलो काळ्या मनुका तीन-चार पाण्यांत धुऊन अडीच लिटर पाण्यात शुक्रवारी रात्री भिजत घालायच्या. शनिवारी संध्याकाळी त्याच पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायच्या, कोमट झाल्यावर कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळलं तर रस गढूळ होतो आणि तळाशी साका बसतो, म्हणून टांगून ठेवायचं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात हा रस कळकतो. स्टील किंवा चांगली कल्हई हवी. शनिवारच्या आधी केला आणि उन्हाळ्यात बाहेर राहिला तर आंबतो, वर फेस येतो, मग सगळा ओतून द्यावा लागतो. फ्रिज नव्हता तेव्हा हे काम शनिवारी रात्रीच होणं भाग होतं, म्हणजे त्या घराचा शनिवार त्यात गेला.

मग पेले. एका थाळीत साधारण 40. उपासनेनंतर लगेच धुतले नाहीत तर तळाला चिकट थर वाळतो आणि बोटही आत जात नाही. काडीला फडकं गुंडाळून एकेक पेला पुसावा लागतो. मेजावरचं पांढरं कापड धुऊन, खळ घालून, घडीच्या रेषा मधोमध येतील अशी इस्त्री. आता महिन्याचा पहिला रविवार धरून हे किती वर्षं चाललं ते दप्तरदारांच्या पावत्यांवरून ठरवा. जीवनवृत्तात यातलं सगळं नको, शनिवारची रात्र आणि पेल्यांची संख्या एवढं पुरे.

आठवणीतलं_साल

वयस्क माणसांशी बोलताना "त्या कशा होत्या?" विचारलंत की पुन्हा "फार प्रेमळ" हेच मिळेल. वस्तू विचारा : नाताळच्या जेवणाला पातेलं कुणाच्या घरून यायचं? वर्ग झाडाखाली भरायचा की आत? चित्रं होती का? चित्रं कोण लावायचं?

साल विचारू नका, कारण साल कुणाला आठवत नाही. मोठ्या घटनेच्या आधी की नंतर ते विचारा. पानशेत धरण फुटलं ते 12 जुलै 1961, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, मोठा दुष्काळ 1972-73, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993. नगर जिल्ह्यात दुष्काळ ही सर्वांत पक्की खूण. दुष्काळात सुकडी (पूरक आहार) वाटायच्या वेळी त्या मंडळाच्या कामात होत्या का, एवढ्या एका प्रश्नाने दहा वर्षांचा गोंधळ सुटतो.

एका वेळी एकाच माणसाशी बोला. चौघी एकत्र बसल्या की जिचा आवाज मोठा तिची आठवण सगळ्यांची होते. 40 मिनिटांहून जास्त नको. मोबाइल उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, टेबलावर ठेवला तर कपबशीचा आवाज बोलण्यावर चढतो. पंखा बंद. सुरुवातीला नाव, तारीख, गाव मोठ्याने बोलून घ्या, नाहीतर महिन्याने कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही.

खिळे_जुळारी

छपाईचं. 16 पानं बरोबर आहेत, चारच्या पटीत. ए4 चे चार कागद मधोमध दुमडून ए5 पुस्तिका. मुखपृष्ठ वेगळं आणि जाड, 250 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप). आत 100 जीएसएम मॅपलिथो (न चकाकणारा कागद) घ्या, फोटोंची चार पानं हवी तर आर्ट पेपरवर. सगळंच आर्ट पेपरवर घेऊ नका, चष्मेवाल्यांना चकाकी त्रास देते. अक्षर 13 पॉइंटाखाली नको. वाचणारे सत्तरीचे आहेत.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की दाबले जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा ठसा पुढे उठतो. समूहचित्राची मोठी प्रत काढून चेहऱ्यांवर आकडे घाला आणि ती प्रत म्हाताऱ्यांकडे फिरवा.

सर्वांत मोठा धोका अक्षरांचा. तुम्ही युनिकोडमध्ये देणार, छापखाना जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाँटवर वळवणार, आणि वळवताना जोडाक्षरं फुटणार. "ख्रिस्त" चं "खि्रस्त" होतं. ख्रिस्ताच्या नावाचंच हे व्हावं यासारखं वाईट काही नाही. शेवटच्या प्रुफात हे शब्द एकेक करून तपासा : ख्रिस्त, बाप्तिस्मा, दृढीकरण, जीवनवृत्त, करणाऱ्या, आणि रफार असलेला प्रत्येक शब्द. फाँट एम्बेड केलेली पीडीएफ घेऊन मगच छपाईला हिरवा कंदील द्या.

दप्तरदार

कुटुंबाच्या पानाबद्दल एक. "मुले 5" असं लिहाल, आणि दफनाच्या वहीत आणखी दोन लहानग्यांची नोंद निघेल. घरच्यांना एकट्यात विचारून "सात लेकरं, त्यांतली दोन बालपणी प्रभूकडे गेली" असं लिहा. आईच्या हिशेबातून ती कधी वजा झालेली नसतात. सुना-जावयांची यादी घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. सुटलेलं एक नाव पुढची वीस वर्षं बोचतं.

शास्त्रपाठ

वचनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाईच्या स्मरण उपासनेला नीतिसूत्रे 31, ओव्या 10 ते 31 ठरलेलं असतं. ते सुंदरच आहे : मूळ हिब्रूत 22 ओव्या, दर ओवीचं पहिलं अक्षर वर्णमालेच्या क्रमाने. पण ते आदर्श स्त्रीचं चित्र आहे. तुमच्या भगिनींसाठी प्रेषितांची कृत्ये 9, ओव्या 36 ते 42 घ्यावं असं मला ठामपणे वाटतं. टबीथा यापोत मरण पावते, पेत्राला माडीवर नेतात, आणि विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. तिच्या स्वभावाचं वर्णन त्या करत बसत नाहीत. कापड पुढे करतात.

सुईदोरा

शास्त्रपाठ, अगदी. मग ते झबलं त्या दिवशी मेजावर ठेवा. काचेखाली, हाताळायला नको.

नगर_नेवासे

सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिला परिच्छेद नव्याने लिहिला. बघा :

"नेवासे तालुक्यात 1932 च्या डिसेंबरात त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्मा 1933 च्या एप्रिलात, त्याच दिवशी आणखी सहा बाळांबरोबर. 1951 मध्ये लग्न होऊन त्या या मंडळीत आल्या. 1958 पासून हजेरीपटावर त्यांची सही आहे, शेवटची 1991 ची. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्या हातात जो पेला यायचा, त्यातला रस आदल्या रात्री त्यांच्या घरी गाळलेला असायचा. असे 160 पेले त्या उपासनेनंतर स्वतः धुवायच्या. मनुकांच्या पावत्यांवर 1963 ते 1988 त्यांची सही आहे. 1972 आणि 1973 च्या पावत्या नाहीत. रस मात्र दर महिन्याला होता."

दप्तरदार

"या मंडळीत" च्या जागी 1951 चं मंडळीचं नाव घाला. 1972-73 ची सगळी फाइलच गहाळ आहे की फक्त मनुकांच्याच पावत्या नाहीत, ते छापण्याआधी पाहून घ्या.

नगर_नेवासे

पाहिलं. त्या दोन वर्षांची फाइल पूर्ण आहे. मेणबत्त्या आहेत, रॉकेल आहे, चटया आहेत. मनुका नाहीत.

दप्तरदार

मग ओळ आहे तशी ठेवा.

कल्हई

160 पेले म्हणजे चार थाळ्या. त्या थाळ्या मंडळीत अजून असतील, एकीचा फोटो झबल्याच्या समोरच्या पानावर घ्या.